आपोआप सरकणारा स्क्रू

१४ जून, शनिवार

माझ्या लेकीला, जोडीला, परवाना लागला!

ही वही माझ्या बायकोनं, वर्नानं, मला निवृत्तीच्या दिवशी दिली होती. सहा वर्षं कोरीच पडली होती, कारण लिहावं असं काही घडलंच नाही. आज घडलं. आमच्या मॉन्टानात रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीनं निघतो, आणि बहुतेक लोक अर्ज भरता भरताच म्हातारे होऊन मरतात. माझा बाप तसाच गेला. मी चाळीस वर्षं भरतोय, मीही तसाच जाणार. पण माझ्या लेकीला एकोणिसाव्या अर्जाला लागला.

सकाळी सातला फोन वाजला. जोडी रात्रपाळी संपवून हॉस्पिटलबाहेर गाडीत बसून रडत होती. नर्स आहे, चव्वेचाळीस वर्षांची आहे, तिला रडताना शेवटचं कधी पाहिलं तेही मला आठवत नाही. मला वाटलं कुणीतरी गेलं.

"बाबा, लागला! रानमेंढा! पंधरा सप्टेंबरपासून!"

"पोरी, आधी डोळे पूस, मग गाडी सुरू कर," एवढंच मला सुचलं.

"काडतुसं तूच भरायचीस हं. दुकानातली मी हातात धरणार नाही."

"हे सांगायला लागतं?"

वीस काडतुसं भरायची. मेंढा दरीपलीकडच्या कड्यावर उभा असतो, चारशे पावलं लांब, आणि गोळी एकदाच झाडायला मिळते. म्हणून काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीत बारूद अगदी तेवढीच पडली पाहिजे. कमी पडली तर गोळी खाली जाते. जास्त पडली तर रायफलच फुटू शकते, आणि ती माझ्या लेकीच्या गालाला टेकलेली असणार. असलं काम दुसऱ्या कुणाला द्यायची सोय नाही. एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसलो. एकाही शेतकऱ्यानं कधी "एल्डन, पुन्हा मोज" म्हटलेलं नाही.

हे सगळं जाड मार्करनं लिहितोय. हल्लीच्या पेनांत शाईच भरत नाहीत.

१७ जून, मंगळवार

तळघरात उतरलो. बापाचं बारुदीचं माप टेबलाला घट्ट आवळलेलंच असतं. ओतीव लोखंडाचं आहे. वरच्या नळकांड्यात बारूद भरायची, दांडा वर केला की पोटातली पोकळी भरते, खाली केला की खालच्या वाटीत सुर्रकन पडते. किती पडावी ते बाजूच्या स्क्रूवर ठरतं. साठ वर्षांचं माप आहे, आणि आमच्या घरातलं सगळं हरणाचं मांस त्याच्या पोटातून आलंय असं बाप म्हणायचा.

दहा वेळा दांडा मारला, दहाही वेळा बारूद दांडीच्या तराजूत टाकून पाहिली. एकाही वजनाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कधी काटा रेघेवर, कधी वर, कधी मला दोन रेघा दिसतात आणि काटा त्यांच्या मधे. बल्ब बदलला. नवा बल्बही तसलाच मंद निघाला. पूर्वी वस्तू टिकायच्या.

ज्या बारुदीची खात्री नाही ती पुन्हा डब्यात जात नाही, हा बापाचा नियम. ती टेबलाखालच्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात जाते, आणि तिथून वर्नाच्या गुलाबांना. चिमूटचिमूट टाकून पाणी मारलं की बारूद हे झकास खत आहे. इथे सगळ्यांच्याच बायका ती मागून नेतात.

आज डबा निम्मा भरला.

१८ जून, बुधवार

विचित्रच प्रकार झाला. काल संध्याकाळी मी स्क्रूची खाच सरळ उभी लावून वर आलो होतो. आज सकाळी खाच तिरकी!

लोखंडाला पाय फुटत नाहीत. आटे झिजले असणार, दुसरं काय. वर्नाला विचारलं, "तू खाली काही हलवलंस का?"

"मी कपडे धुवायला गेले होते," ती म्हणाली. ती अंडी तळत होती, पाठमोरी.

कपडे धुण्याचं यंत्र खालीच आहे. त्याच्या हादऱ्यानं सरकला असेल. स्क्रू पुन्हा उभा लावला.

१९ जून, गुरुवार

स्क्रू पुन्हा तिरका. काल तर कपडे धुतलेही नव्हते.

२० जून, शुक्रवार

होबार्ट येऊन गेला. होब माझा पन्नास वर्षांचा दोस्त, अंगानं वाकडातिकडा माणूस, पण निशाणा बरा. गेल्या रविवारी नेमबाजीच्या मैदानावर त्याच्या तीन गोळ्या चुकल्या तेव्हा वाऱ्याला शिव्या देत होता. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! फार हसलो त्या दिवशी.

मी त्याला सरकणाऱ्या स्क्रूची हकिगत सांगितली. तो बराच वेळ कॉफी ढवळत बसला. तो साखर घेत नाही.

"एल्डन, ते माप मला दोन दिवस दे. माझ्याकडे लावून बघतो."

"बघ. पण जीव लावू नकोस, माझ्या बापाचं आहे."

वर्ना त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि दोघं बराच वेळ बोलत उभी होती. ती दर शुक्रवारी होबच्या बायकोकडे गोधडी शिवायला जाते, तेच काहीतरी असणार. हिवाळ्यापासून जातेय. गोधडी मात्र मी अजून पाहिलेली नाही.

२३ जून, सोमवार

होबनं माप परत आणलं. दहा वेळा दांडा मारला, दहाही वजनं एक, म्हणाला. मी म्हटलं तुझा तराजू बिघडलाय. तो म्हणाला, असेल.

रात्रीच्या जेवणाला वर्नानं माझी आवडती मक्याची भाकर केली होती. मधेच म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. गुरुवारी."

"गुरुवारी गवत कापायचंय."

"मागच्या वेळी बर्फ काढायचा होता."

"मग? काढायला नको होता?"

तिनं माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

४ जुलै, शुक्रवार

स्वातंत्र्यदिन. मिरवणूक, बँड, जोडीच्या हातच्या बटाट्याच्या गार कोशिंबिरीचा लगदा, सगळं यथासांग. यंदाची आतषबाजी मी आजवर पाहिलेल्यांत सर्वांत देखणी होती. प्रत्येक दिव्याभोवती एक मोठं गोल कडं, चंद्राभोवती खळं पडतं तसं. मी म्हटलं, "यंदा पैसे खर्च केलेत बुवा. ही कडी कशी काढत असतील?"

वर्ना आकाशाकडे पाहायची सोडून माझ्याकडेच पाहत बसली. जोडी म्हणाली, "कसली कडी, बाबा?" आणि वर्नानं तिच्या हातावर हात ठेवला.

मायलेकींनी नखं रंगवली होती, लाल, पांढरी आणि निळी, झेंड्याची. मला तर दोनच रंग दिसले. तरी मी छान म्हटलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं शिकलोय.

येताना गाडी वर्नानं चालवली. ईस्टरपासून तीच चालवते. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली इतके भगभगीत असतात की कायद्यानं बंद करायला हवेत.

९ जुलै, बुधवार

ठरलं. बापाच्या मापाला आता विश्रांती. स्क्रू परवा पुन्हा सरकला, आता मी शपथेवर सांगू शकतो. शहरातून विजेचं माप आणलं. आकडा दाबायचा, ते आपलं आपण बारूद ओततं, तोलतं, आणि झालं की पिंऽऽ करतं. बापानं पाहिलं असतं तर थुंकला असता. पण लेकीचा प्रश्न आहे, तिथे अहंकार काय कामाचा?

वर्ना विणकाम घेऊन तळघरात येऊन बसली. वर फार उकडतं म्हणते. मला सोबत झाली.

१२ जुलै, शनिवार

आज अंगावर काटा आला.

विजेच्या मापात आकडा दाबला, यंत्रानं ओतलं, पिंऽऽ झालं. मी वाटी उचलली आणि पुंगळीवर नरसाळं धरलं. मागून वर्ना म्हणाली, "एल्डन, पहिला आकडा आठ हवाय का?"

"तीन आहे तो."

"आठ आहे."

मी बघितलं. तीनच वाटत होता. मग खूप जवळ जाऊन पाहिलं, नाक टेकेपर्यंत. आठ होता. तेवढी बारूद पुंगळीत मावलीही नसती, उतू गेली असती, त्यामुळे तसा अनर्थ होणार नव्हता म्हणा. पण मी वाटी खाली ठेवली. मी तीनच दाबला होता. म्हणजे या यंत्राची बटणं उडी मारतात!

यंत्र तसंच खोक्यात भरून होबकडे नेलं. त्यानं माझ्यासमोर वीस वेळा चालवलं. बटणांनी एकदाही उडी मारली नाही. होबच्या घरी सगळी यंत्रं शहाण्यासारखी वागतात. त्याच्या तळघरात काय आहे कोण जाणे.

घरी परत आलो तर वर्ना स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसती बसली होती. विणकाम मांडीवर, सुया थांबलेल्या. ती म्हणाली, "मला भूक नाही आज." मी तिच्यासाठी सूप गरम केलं आणि तिनं ते प्यायलं.

१९ जुलै, शनिवार

विजेवर विश्वास नाही, लोखंडावरही नाही. आता राहिले चमचे. पितळी चमचे मिळतात, ठरावीक मापाचे. बुडवायचा, खेळातल्या पत्त्यानं वर सपाट करायचा, ओतायचा. शंभर वर्षांपूर्वी म्हातारे असंच करायचे आणि त्यांनी हरणांचे कळप संपवले.

चमच्यांनीही तराजूवर तोच गोंधळ. वर माझ्या हातून एक अक्षम्य गोष्ट झाली. टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा ठेवायचा, हा बापाचा सर्वांत मोठा नियम. मी दोन ठेवले. आणि उरलेली बारूद ओतली ती दुसऱ्याच डब्यात. दोन्ही डबे एकाच रंगाचे करतात, त्याला मी काय करू? ओतताना आवाज वेगळा आला म्हणून थांबलो. एकीचे दाणे लांबट, शेवयांच्या चुऱ्यासारखे, दुसरीचे मोहरीसारखे गोल. बोट घालून पाहिलं, सरमिसळ झालेली.

अख्खा डबा वाया गेला. वर्ना तो घेऊन अंगणात गेली आणि मला वरून तिचं गुणगुणणं ऐकू आलं. बाई सत्तरीला आली आणि खतासाठी इतकी खूश! तिचे गुलाब या वर्षी खरोखर बघण्यासारखे आहेत, एकेक फूल कोबीएवढं. जिल्ह्याच्या जत्रेत मांडणार म्हणते.

होब म्हणाला, "मापं तीन झाली, एल्डन. माणूस एकच आहे."

"तेच तर," मी म्हटलं. "एका माणसाला तीन मापं कशाला? म्हणून एक निवडायचंय."

तो उठला आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेला. पन्नास वर्षांत त्यानं मला थोपटलेलं नाही.

२६ जुलै, शनिवार

अजून एकही काडतूस भरलेलं नाही. पन्नास दिवस राहिले.

उद्या जोडीला फोन करून सांगणार आहे की दुकानातली घे. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. माझ्या बापानं मला पहिल्या हरणाची काडतुसं भरून दिली, मी जोडीला दिली. तिला जन्मात एकदाचा मेंढा मिळतोय, आणि मी म्हणणार, पोरी, माझ्याकडे धड माप नाही. खरं तर मापाचंच काय... नाही, लिहीत नाही.

वर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "जत्रा होऊ दे. शनिवारपर्यंत थांब. माझ्यासाठी."

"जत्रेचा काय संबंध?"

"माझ्या गुलाबांसोबत तू असायला हवास. बस, एवढंच."

थांबतो.

२ ऑगस्ट, शनिवार

हे सगळं नीट क्रमानं लिहिलं पाहिजे.

फुलांच्या तंबूत गर्दी होती. वर्नाचे गुलाब मधल्या मेजावर, पाण्याच्या बरणीत. आमच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाला निळी फीत, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. वर्नाच्या बरणीला एक फीत बांधलेली होती. तपकिरी. मला तिची दया आली. उन्हाळाभर राबली होती बिचारी. मी तिच्या कमरेत हात घातला आणि म्हटलं, "जाऊ दे गं. तपकिरी म्हणजे काय, 'आल्याबद्दल आभार'? परीक्षकांना अक्कल नाही."

 होब आणि त्याची बायको तिथेच होती. जोडी होती. सगळे बुटांकडे बघत होते.

वर्ना हळूच म्हणाली, "एल्डन, ती जांभळी आहे."

"काय जांभळी?"

"फीत. अख्ख्या जत्रेत एकच असते. सगळ्या फुलांत पहिली."

मी फीत हातात घेतली. डोळ्यांशी नेली. वाळक्या तंबाखूचाच रंग दिसत होता मला. तेवढ्यात परीक्षक बाई आल्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या, मोठी टोपी घातलेल्या. त्यांनी वर्नाचा हात हातात घेतला. "तीस वर्षं गुलाब तपासतेय, असा रंग नाही पाहिला. खत कोणतं घालता, सांगाल का?"

वर्नानं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या चुका."

सगळा तंबू हसला. होब तर डोळे पुसायला लागला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, कारण वजनाचा माणूस आहे मी. गेल्या वर्षी कॉफीचा एक डबा भरायला अख्खा हंगाम लागला होता. या वर्षी दीड महिन्यात पाच. तीन मापं चुकीची. दोन तराजू चुकीचे. बल्ब, पेन, गाड्यांचे दिवे, आतषबाजीची कडी, आणि जांभळी फीत.

होबच्या घरी सगळं बरोबर का चालायचं ते मला फुलांच्या तंबूत कळलं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

वर्ना म्हणाली, "मी काही बोलले नाही."

"डॉक्टरची वेळ घे."

"मंगळवारी दहा वाजता. जूनमध्येच घेऊन ठेवलीय." आणि ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडली. मग आम्ही दोघांनी मिळून फितीला बांधलेलं बक्षिसाचं चॉकलेट खाल्लं.

५ ऑगस्ट, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीणबाई माझ्या जोडीपेक्षाही लहान. म्हणाल्या, "इतके दिवस कसं चालवलंत तुम्ही?"

मी म्हटलं, "बायको चालवत होती."

मला गाडीबद्दल म्हणायचं होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कुणीतरी ऑपरेशनची वेळ रद्द केली म्हणून माझा उजवा डोळा काल करून टाकला. आज पट्टी काढली.

देवा! आमचं घर निळं आहे. मी स्वतः रंगवलं, तरी गेली कित्येक वर्षं ते मला राखाडी वाटत होतं. वर्नाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत! मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पट्टी पुन्हा बांध." मग मी अंगणात जाऊन गुलाबांसमोर खुर्ची टाकून दुपारभर बसलो. जांभळी फीत खिशात होती. मधूनमधून काढून बघत होतो. जांभळीच आहे, अस्सल.

३० ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी वाकून काम करायला आजपासून परवानगी दिली. नाश्ता झाल्याबरोबर तळघरात उतरलो. निवड आधीच झाली होती. विजेचं माप होबला देऊन टाकलं, चमचे खणात. बापाचं माप टेबलावर. त्याची माफी मागितली, मोठ्यानं, कारण खाली कुणी नव्हतं.

स्क्रूवर फडकं फिरवायला गेलो आणि थांबलो. स्क्रूच्या डोक्यापासून मापाच्या अंगापर्यंत एक बारीक रेघ ओढलेली होती. केसाएवढी, निळी. चार जुलैला नखांना लावलेल्या रंगाची. स्क्रू जागेवर असला की रेघ सलग दिसणार, जरा हलला की तुटणार. तराजूच्या वजनावर तसलीच रेघ. बारुदीच्या लांबट दाण्यांच्या डब्याच्या झाकणावर निळा ठिपका. मी त्या रेघांवर रोज हात ठेवत होतो आणि मला एकही दिसली नव्हती.

"वर्ना!"

ती जिन्यावर आली. हात ओले होते. माझं बोट कुठे आहे ते तिनं पाहिलं आणि पायरीवरच बसली.

"स्क्रू तू सरकवायचीस."

"सरकवत नव्हते. तू चुकीचा लावायचास, मी सकाळी उठून जागेवर आणायचे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"होबनं शिकवलं. शुक्रवारी."

"आणि गोधडी?"

"गोधडी कसली डोंबलाची! हिवाळ्यापासून मी त्याच्या तळघरात दांडा मारतेय. वसंतात तू भरलेलं एकेक काडतूस मी तू झोपल्यावर परत तोललंय. सात बाजूला काढून होबकडून मोडून घेतली."

 मी स्टुलावर बसलो. "मग मला सांगितलं का नाहीस, बये?"

"डोळे तपास म्हणून तीनदा सांगितलं की." ती ॲप्रनला हात पुसत राहिली. "डोळे गेले म्हणून कुणालाही सांगता येतं, एल्डन. पण एकतीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाला त्याचाच काटा चुकतोय, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? मला वाटलं तुझं तुला कळेल. आणि कळेपर्यंत कुणाला इजा होऊ द्यायची नाही, एवढं माझ्या हातात होतं. त्या आठ आकड्याच्या दिवशी मात्र माझा धीर सुटला होता."

मी तिला खाली बोलावलं आणि दुसरं स्टूल ओढलं. मी दांडा मारायचा, वाटी तराजूत ठेवायची. ती वाचायची, मोठ्यानं. मग मी वाचायचं. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. वीसच्या वीस जुळली, केसाचाही फरक नाही. एकविसावं नुसतं आनंदासाठी केलं.

साठ वर्षांच्या मापाला काही झालेलं नाही. काडतुसं खोक्यात भरली. खोक्यावर मी नेहमी माझं नाव घालतो. आज दोन घातली.

२२ सप्टेंबर, सोमवार

जोडी आली! गाडीतून उतरली तीच नाचत. चेहरा उन्हानं सोललेला, केसांत काटक्या. सहा दिवस चढली, सातव्या दिवशी पहाटे मेंढा दिसला, दरीपलीकडे, आमच्या अंदाजापेक्षा चाळीस पावलं जास्तच. एक गोळी. तो उभा होता तिथेच बसला, म्हणाली, त्याला कळलंसुद्धा नाही.

माझ्या हातात तिनं खोकं ठेवलं. एकोणीस भरलेली आणि एक रिकामी पुंगळी.

"ही कुणाला देऊ, बाबा? खोक्यावर दोन नावं आहेत."

"आईला दे," मी म्हटलं. "मी नुसता दांडा मारत होतो."

संध्याकाळी होब आणि त्याची बायको आली. मांस भाजलं, इतके हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. होबच्या बायकोनं विचारलं, गोधडी कधी पुरी होणार? वर्ना म्हणाली, "झाली की."

५ ऑक्टोबर, रविवार

दुसराही डोळा झाला. आता दोन्हींनी लिहितोय, साध्या पेननं. पेनांत शाई आहे.

आज हरणाच्या हंगामासाठी काडतुसं भरायला बसलो, दोघंही. वर्ना काल गुलाब छाटून आली तेव्हापासून हिरमुसली होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी जांभळी फीत विसरा. कॉफीचा डबा रिकामा आहे."

"दुकानातलं खत घाल."

"त्यात तुझी मेहनत नसते."

मी दांडा मारला. वाटी तराजूत ठेवली. तिनं चष्मा नाकावर ओढून वाचलं, "बरोबर. अगदी रेघेवर."

मी वाकून पाहिलं. काटा रेघेवर होता, स्वच्छ, एकच काटा आणि एकच रेघ. एकतीस वर्षांत इतकं बरोबर वजन मी पाहिलं नसेल.

"चुकलं," मी म्हटलं, आणि वाटी कॉफीच्या डब्यात ओतली.